भातावर खापर कशाला?

महोदय,
‘मधुमेहींनी भात सोडून भाकरी खावी’ असा सल्ला देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. सल्ला अर्धवट आहे. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 35 ग्रॅम कर्बोदके असतात, 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28. भात टाळून दोन भाकऱ्या खाल्ल्या तर रक्तातील साखर चढणारच.

खरी गोम जेवणाच्या क्रमात आहे. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा. रिकाम्या पोटी मऊ भात झपाट्याने पचतो. त्याऐवजी आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ संपवावी, 10 मिनिटांनी पोळी किंवा भात घ्यावा. तंतू आणि प्रथिनांमुळे जठर सावकाश रिकामे होते, साखर हळूहळू वाढते. कोशिंबिरीत चिमूटभर साखर मात्र नको (पुणेकरांना हे जड जाईल!). फरक घरच्या ग्लुकोमीटरवर दिसतो. पण पहिल्या घासापासून 2 तासांनी मोजावे, जेवून हात धुतल्यापासून नव्हे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची (साखर उतरवणारी) गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम निम्मी करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लेखात हा इशारा हवा होता.

– एक आहारतज्ज्ञ, कोथरूड, पुणे