पावतीवर अजून पत्र्याचंच घर

संपादक साहेब,

परवा घरपट्टी भरायला नगरपरिषदेत गेलो अन पावती बघून हसूच आलं, माझं घर स्लॅबचं दोन मजली होऊन सहा वर्षं झाली, रजिस्टरला मात्र अजून पत्र्याचं! क्लार्कला म्हणलं नोंद बदला, पट्टी वाढली तर वाढू द्या, तर तो म्हणे "काका, मोजायला माणूसच नाही." आता अशी घरं आमच्या गल्लीतच सात-आठ असतील, मग तिजोरीत पैसा येणार कुठून?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांना १८ कामं लिहून दिली, पण कामाबरोबर पैसा कोण देणार? नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ लाच गेली, तेव्हापासून अनुदानासाठी मुंबईकडं डोळे लावून बसायचं. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाचा पैसा (मुदत मार्च २०२६ पर्यंत) आला, पण त्यातला निम्म्याहून जास्त पाणी-स्वच्छतेलाच बांधलेला, मग चौकातला दिवा तीन महिने बंद. (पाणी तरी कुठं रोज येतं म्हणा.) लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते आपल्याकडं कोणी विसरलेलं नाही.

त्यात डिसेंबर २०२५ पर्यंत कित्येक वर्षं निवडणुकाच नव्हत्या, सगळा प्रशासकाचा कारभार होता, नगरसेवकाला शिव्या द्यायची पण सोय नव्हती. माझं म्हणणं एवढंच, आधी मालमत्तांची नीट मोजणी करा, अन वसूल झालेल्या पट्टीचा वॉर्डवार हिशोब नगरपरिषदेच्या दारात फळ्यावर लावा. खडू मी देतो.

– एक घरपट्टीवाला, मराठवाडा