हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी गेलेल्या बाळांसाठी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत मी सिस्टर आहे. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि अंगणवाडीत तपासलेली मुलं आमच्यापर्यंत पोचू लागली. ऑपरेशन मोफत होतं. हे मोठं काम आहे. माझं मागणं त्यानंतरच्या दिवसांसाठी आहे.

पाच किलोच्या बाळाला एरवी दिवसाला ५०० मिली पाणी लागतं. बायपासवर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम यंत्रावर ठेवून, ऑपरेशन झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, अंग सुजतं, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही साधारण निम्मंच देतो. तासाला जेमतेम १० मिली, आणि औषधं, नळी तुंबू नये म्हणून सोडलेलं सलाईन, सगळं त्यातच. लघवी वाढवायला फ्युरोसेमाइड देतो, तर तिच्यावाटे पोटॅशियम जातं. ते फार उतरलं तर ठोके बिघडतात आणि घाईने भरलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून ते पंपावर, हळूहळू, पुन्हा पुन्हा रक्त तपासून द्यायचं.

आणि मग हाच हिशेब आम्ही आईच्या हाती देऊन बाळाला घरी पाठवतो. फ्युरोसेमाइडची गोळी ४० मिलिग्रॅमची, बाळाचा डोस ५. ती माउली सुरीने गोळीचे आठ तुकडे करते. त्यातला एक मोठा निघतो, एकाचा भुगा होतो.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका आईचा फोन आला. बाळाला दोन दिवस जुलाब, लघवीचं औषध देऊ की थांबवू? बाळाला शंट होता, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी बसवलेली नळी. अंगातलं पाणी आटलं तर त्या बारीक नळीत रक्त गोठतं आणि फुप्फुसाकडची वाट बंद होते. जवळच्या सरकारी रुग्णालयात तिला सांगितलं, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायचं यंत्र आहे, पण त्याला लागणारं रसायन, रीएजंट, संपलंय. रात्रीच गाडी करून ती आमच्याकडे आली. बाळ वाचलं. पण गाडीचे पैसे तिने उसने घेतले होते.

महोदय, प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट त्याच दिवशी, रात्रीसुद्धा मिळू द्या. घरी जाताना फ्युरोसेमाइड थेंबांच्या रूपात, मापाच्या सिरिंजसह, मोफत द्या. जुलाब-उलट्या झाल्यास कोणतं औषध थांबवायचं आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत छापलेलं कार्ड सोबत असू द्या. पावसाळ्याआधी एवढं व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक परिचारिका