रेडीचा गड आधी मोजा, रिसॉर्टचं नंतर बघू

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीचा यशवंतगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे, म्हणजे त्याची जबाबदारी आपल्या खात्याची. शेजारी खाडी, समोर निवांत किनारा. अशा जागेवर आलिशान रिसॉर्टवाल्यांची नजर पडणारच.

रिसॉर्टला आमचा सरसकट विरोध नाही. खाणींनी इथे रोजगार दिला, तशी लाल धूळही दिली. पर्यटनामुळे पोरांना गोव्याला न जाता घरच्या घरी काम मिळालं तर ते हवंच आहे. पण गड नेमका कुठे संपतो, हे आधी ठरवा.

जांभ्याचा तट वडाच्या मुळांनी आवळून धरलाय, तो कुणालाही दिसतो. खंदकाचं तसं नाही. रान माजलं की नवख्याला ती साधी घळ वाटते, आणि अशी घळ जेसीबीने एका दुपारी सपाट होते. मग दंड करा नाहीतर चौकशी लावा, खंदक परत येत नाही.

ही जागा शिवकाळाच्याही कितीतरी आधीची. चालुक्य राजा मंगलेशाने जिंकलेलं रेवतीद्वीप म्हणजे रेडीच, असं अनेक इतिहासकार मानतात. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्या स्वारीचं वर्णन आहे: तटावर चढलेल्या सैन्याचं प्रतिबिंब समुद्रात पडलं, ते जणू वरुणाचंच सैन्य. इथल्या मातीखाली काय आहे, ते पायाचे खड्डे खणताना कळणं आम्हाला मान्य नाही.

केंद्राच्या स्मारकांभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. तेवढंच अंतर इथेही काटेकोर पाळा. २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांचं नियमन करणाऱ्या) अधिसूचनेत पुरातत्त्वीय स्थळं सर्वाधिक संरक्षित गटात आहेत, हे परवानगी देणाऱ्या प्रत्येक टेबलावर माहीत असायला हवं. गडाची आणि रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळी ओढून होणाऱ्या मासेमारीची, वाट कुणाच्या गेटातून जाता कामा नये. सलाम ठोकणारा वॉचमन जाळी घेऊन येणाऱ्याला अडवतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

पुरातत्त्व आणि भूमी अभिलेख खात्यांची संयुक्त मोजणी दिवाळीनंतर, रान वाळल्यावर लावा. हद्दीचे दगड रोवा, नकाशा ग्रामपंचायतीत लावा. तोवर आसपास एकही परवानगी नको. मोजणीची तारीख आठ दिवस आधी कळवा. खंदक कुठून कुठवर जातो, ते दाखवायला आम्ही येऊ.

आपला,
रेडी-शिरोडा परिसरातील एक रहिवासी