आरोग्यमंत्री साहेब, माझ्या पायावरचा बाण अजून पुसला गेला नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की परवा सकाळी गुडघा बदलायच्या ऑपरेशनला गेले तर मला ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा. रात्रीपासून उपाशी, अंगात हिरवा गाऊन, हाताला सुई टोचलेली, आणि डाव्या मांडीवर मार्करने काढलेला निळा बाण, म्हणजे चुकून उजवा गुडघा उघडू नये म्हणून. दोन तास स्ट्रेचरवर पडून होते, मग एक शिकाऊ डॉक्टर आला, पोरगेलासाच, आणि खाली बघून म्हणाला, मावशी, सेट आला नाही. सेट म्हणजे गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याचे भाग. संध्याकाळी तुमच्या खात्याचा मेसेज, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. दोनदा साबण लावून आंघोळ केली साहेब, बाण काही जात नाही. तक्रार मात्र गेली.

माझे दोन्ही पाय वाकडे आहेत आणि तेही एकाच दिशेला. डावा फेंगडा, धनुष्यासारखा बाहेर, आणि उजवा गुडघा आत घुसलेला. वाऱ्याने झाड कलावं तसं, डॉक्टर त्याला विंडस्वेप्टच म्हणतात. माझ्या चपला बघाल तर डावी बाहेरून झिजलेली, उजवी आतून. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्सरे काढला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यावर रेष ओढून दाखवली. सरळ पायात ती रेष गुडघ्याच्या मधोमध जाते म्हणे. माझ्या डाव्या पायात ती गुडघ्याला शिवतच नाही, आतल्या बाजूने नुसती हवेतून जाते. वाकडेपणा 22 अंश.

लोक म्हणतात वाटी बदलायची त्यात काय एवढं. (नुसती वाटी बदलत नाहीत हो, मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं कापून त्यावर धातू बसवतात, मध्ये प्लॅस्टिक. असो.) पण इतक्या वाकड्या गुडघ्यात नुसतं कापून भागत नाही. आतल्या बाजूच्या शिरा-पडदे आखडलेले, ते थोडे थोडे सोडवायचे, बाहेरचे ताणून सैल झालेले, ते परत घट्ट होत नाहीत. आतलं हाड झिजून खड्डा पडलाय, तिथे धातूची पाचर लावायची आणि ती हलू नये म्हणून नडगीच्या पोकळीत लांब दांडी, म्हणजे स्टेम. तरी गुडघा डुगडुगला तर जास्त पकड असलेला वेगळा सांधा. आणि उजव्याची वेगळीच भीती, तो सरळ करताना बाहेरची नस ताणली तर पाऊल लुळं पडू शकतं. हे सगळं मला डॉक्टरांनी नीट समजावलं. त्यांच्यावर माझा राग नाही, कृपया त्यांची बदली करू नका.

राग यावर आहे की साधा सेट कपाटात असतो, पाचर आणि स्टेम मात्र नसतात. का, तर मागणी कमी. अहो मागणी कमी कशी असेल, आम्ही ओपीडीच्या बाकावर बसलेलो असतो ना, मी स्वतः निदान पंधरा फेंगडे पाय मोजलेत एका सकाळी, हिशोब इकडेतिकडे झाला असेल. पुरवठादाराचं बिल अडकलंय असंही एकाने कानात सांगितलं, खरंखोटं तुम्हालाच माहीत.

आणि वाट बघितली की पाय तसाच थांबतो का? मुलाने नेटवर शोधून दिलं, 2001 सालचा एक अभ्यास आहे, पाय फेंगडा असेल तर गुडघ्याची आतली बाजू दीड वर्षात आणखी झिजण्याची शक्यता चौपट. म्हणजे मला ऑपरेशनची पहिली तारीख दिली तेव्हा जे कदाचित साध्या सेटमध्ये भागलं असतं त्यालाच आता पाचर लागतेय. तुमच्या यादीत नंबर तारखेने लागतो, वाकडेपणाने नाही. प्रत्येक वेळी फिटनेस परत, रक्त परत, ईसीजी परत, आणि मुलाची रजा जाते ती वेगळीच.

मध्यंतरी तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनचा रोबोट आणलात, फीत कापलीत, फोटो बघितला. छान आहे, हाड अगदी मापात कापतो म्हणतात. पण कापल्यावर बसवायचं काय, तुमचा फोटो? असे गुडघे 1974 पासून बसवतायत साहेब, हा काही चांद्रमोहिमेचा विषय नाही, एक दांडी वेळेवर मागवायची आहे. पण ती मागवायला म्हणे खरेदी समिती बसावी लागते, समिती बसायला अध्यक्ष लागतो, अध्यक्षाची जागा रिकामी. सगळे बसायची वाट बघतायत आणि मला साधं संडासला बसता येत नाही. तुमच्यापैकी कोणाचा गुडघा दुखला तर तो सरकारी रांगेत दिसत नाही कधी, हे पण लोक बघतात. मतदानाला मात्र मी दोन जिने चढून गेले होते, एक एक पायरी, कठडा धरून.

मागणं एवढंच आहे, तारीख देण्याआधी कोणीतरी कपाट उघडून सेट आलाय का बघावं, आणि यादी लावताना एक्सरेवरची ती रेष बघावी.

आपली,
तीनदा उपाशी राहिलेली एक पेशंट

ता. क. फाइल सापडत नाही असं कळवू नका, तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. लांब एक्सरेची नाही, तो मशीनमध्ये मावत नाही, कपाटामागे उभा करून ठेवलाय.