आधी तोंड दाखवून या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तोंड तपासून घ्यायचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई विचारते, "जेवलीस का?" म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी वाचायचं, बाबांनी चष्मा लावून.

आई, तू परवा बोलता बोलता म्हणालीस की बाबा हल्ली तांबडा रस्सा बाजूला सारतात, पांढऱ्यावरच जेवतात, मिसळसुद्धा कट न घेता खातात. ॲसिडिटी झाली म्हणे. बाबा, ॲसिडिटीनं छातीत जळजळतं. तुमचा घास तोंडात गेल्या गेल्या झोंबतो, असं आई सांगते. कोल्हापूरच्या माणसाला जन्मभर खाल्लेलं तिखट सोसेना झालं, तर त्याची चौकशी व्हायलाच हवी.

मला संशय सुपारीचा आहे. तंबाखूची चंची तुम्ही कायमची ठेवून दिलीत, ते सोपं नव्हतं, मी पाहिलंय. पण तिच्या जागी खिशात सुपारी आली, आणि "ही काय, नुसती सुपारी" म्हणून घरात कुणी काही बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सरला कारण ठरते असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. सुपारी मात्र पूजेच्या ताटात असते, विड्यात असते, तिच्यावर कोण संशय घेणार!

सुपारीनं गालांचं आतलं अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठ होतं. तिखट झोंबायला लागतं, मग तोंडच पुरतं उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, पण काही जणांत पुढे त्यातूनच कॅन्सर होतो. आत्ताच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर उद्याच दाखवायला जा. जात असतील तरी या आठवड्यात जाच, कारण तंबाखू सोडली तरी तिचा धोका वर्षानुवर्षं मागे राहतो.

आई, हसू नकोस, आता तुझी पाळी. "मी पान पण खात नाही" म्हणतेस, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की गं! भाजल्यानं तिच्यातलं विष जळून जात नाही. सकाळी हिरड्यांवर बोट फिरवतेस आणि तोंडात तशीच ठेवून अंगण झाडतेस, चहा टाकतेस. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही हे तुझं म्हणणं खोटं नाही, निकोटिननं आतडी हलतात. सोडलीस की काही दिवस पोट तुंबेल, डोकं दुखेल, बाबांवर चिडशील. ते चालेल. 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखू सोडवण्यासाठीचा फुकट नंबर आहे. बाबांकडून लावून घे.

उजेडात, आरशासमोर एकमेकांचं तोंड बघा. बाबा, कवळी काढून. गालांच्या आत, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, विनाकारण हलणारा दात, मानेतली गाठ. लाल मखमली चट्टा दिसला तर तो पांढऱ्याहून वाईट. सुरुवातीला यातलं बहुतेक काही दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणसं महिनोन्महिने घरात बसतात.

केरळात तिरुवनंतपुरम भागात आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं नुसती उजेडात डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांश घटले, हे 2005 साली छापून आलं. महागडं यंत्र काही नव्हतं.

तुकडा काढून तपासायचा म्हटलं की आपल्या गल्लीत लगेच "सुरी लागली की पसरतो" सुरू होतं. बायोप्सीनं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो वेळ घालवल्यानं. लवकर सापडला तर बऱ्याचदा लहान ऑपरेशनवर भागतं. उशीर झाला की जबडा काढणं, रेडिएशन, सगळंच आलं.

आपल्या दातांच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. मी येईपर्यंत थांबू नका. आणि बाबा, सुपारी किती वर्षं खाता असं विचारलं तर "कधीतरी" म्हणू नका. आई शेजारीच बसलेली असेल, ती खरा आकडा सांगेल.

तुमची,
वैशाली