गोठा की युरिया?

सोलापूर

प्रिय दत्ता,

तुझं पत्र वाचून आधी बाळाची काळजी वाटली. विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालंय, तर त्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद त्यानं कमी होते. वहिनींना आजच सांग.

आता अण्णांच्या गोठ्याचं. विहिरीतलं नायट्रेट तिथूनच येतं असं धरून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, हे मला पटलं नाही. गोठा वरच्या अंगाला आहे म्हणून पाझर तिथलाच, असं आपल्याकडे ठरवता येत नाही. मुरमाखाली काळा पाषाण, पाणी भेगाभेगांतून वाट काढतं. आणि तुझ्या उसालाही युरिया पडतोच की!

याचा माग समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, काढता येतो. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे, १४ आणि १५. १५चा हवेत २७३ अणूंमागे साधारण एक. दोन्ही स्थिर, किरणोत्सर्गाची भीती नाही. युरियाचा नायट्रोजन हवेतूनच घेतलेला, म्हणून त्यात १५चं प्रमाण हवेसारखंच: हवेच्या तुलनेत हजारामागे फरक शून्याच्या आसपास. शेणमुतातून मात्र अमोनिया उडतो, त्यात हलका अणू आधी जातो. मागे उरतं ते जड. त्यापासून झालेल्या नायट्रेटमध्ये हा फरक बहुधा १० ते २० भरतो.

पण एवढ्यावर निकाल देऊ नये. जमिनीखाली प्राणवायू नसेल तिथं जिवाणू नायट्रेट फोडतात, तेही हलकं आधी. मग युरियाचं नायट्रेटही शेणासारखं जड दिसायला लागतं. म्हणून त्याच नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड अणू, सोबत मोजायचा. जिवाणूंचं काम असेल तर नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१८ दोन्ही मिळून चढतात. शिवाय संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणीही शेणाइतकंच जड. ते वेगळं काढायला बोरॉन या मूलद्रव्याचे समस्थानिक बघतात, कारण धुण्याच्या काही पावडरींतलं बोरॉन सांडपाण्यात उतरतं. तुझा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, ते मोजून कळव.

रविवारी मी बारीक गाळणी आणि बाटल्या घेऊन येतो. आधी मोटर थोडा वेळ चालू ठेवू, मग पाणी भरू. बाटली गच्च भरायची नाही, कारण ती गोठवायची आहे. तुझी विहीर, अण्णांची विहीर आणि गोठ्याची नाली, तिन्हींचं पाणी हवं. अण्णांना तू स्वतः जाऊन विचार. नमुना त्यांच्यासमोरच घेऊ.

तुझाच,
विजय