माँपेलिए (फ्रान्स) येथील ‘फ्रेंच + इंटर्नशिप’ पॅकेजबाबत तक्रार

पुणे, १० मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २२ आठवड्यांच्या कार्यक्रमातील त्रुटी, दुरुस्ती अथवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या महाविद्यालयातील हॉटेल व्यवस्थापनाच्या चार विद्यार्थ्यांनी आपल्याकडे प्रत्येकी ३,८५,००० रुपये भरले आहेत. ५ मे ते १३ जून माँपेलिएत फ्रेंचचे वर्ग आणि १६ जून ते ३ ऑक्टोबर तिथल्याच हॉटेलात इंटर्नशिप, असे ठरले होते. गेल्या आठवड्यात आपण पाठवलेली कागदपत्रे आम्ही, त्यांच्या फ्रेंचच्या शिक्षकांनी, तपासली. ज्या कागदावर हा सगळा कार्यक्रम उभा राहायचा, तोच त्यांत नाही.

तो कागद म्हणजे ‘काँव्हाँसियों द स्ताज’ (स्ताज म्हणजे इंटर्नशिप): विद्यार्थी, हॉटेल आणि शिक्षणसंस्था यांचा त्रिपक्षीय करार. कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, भत्ता, संस्थेतला मार्गदर्शक शिक्षक आणि हॉटेलातला ट्यूटर, हे सारे त्यात लिहावे लागते. आपल्या ‘ऑफर लेटर’वर फक्त हॉटेलचा शिक्का आहे. संस्थेच्या जागी भाषाशाळा सही करेल, असे आपले प्रतिनिधी फोनवर सांगतात. कशाच्या आधारावर? स्ताज ज्या अभ्यासक्रमाचा भाग असतो, त्यात वर्षाला किमान २०० तास अध्यापन लागते आणि त्यातले निदान ५० तास विद्यार्थी समोर हजर असताना. आपल्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ‘१२० लेसन’ आहेत. लेसन ४५ मिनिटांचा, म्हणजे झाले ९० तास. त्यातून ८ मे, २९ मे आणि ९ जून या फ्रान्समधल्या सार्वजनिक सुट्ट्या वजा करा, कारण ‘सुट्टीचे वर्ग भरून दिले जाणार नाहीत’ ही ओळ आपलीच आहे, अर्थात बारीक अक्षरांतली. रोजचे चार लेसन धरले तर उरतात ८१ तास.

याच ८१ तासांत विद्यार्थी ए-२ वरून बी-१ ला (भाषेच्या युरोपीय पातळ्या: ए-२ प्राथमिक, बी-१ मध्यम) पोहोचतील, असेही आपण छापले आहे. शून्यापासून ए-२ ला साधारण १६० ते २०० तास लागतात, बी-१ ला ३५० ते ४००. मधली दरी सहा आठवड्यांत भरत नाही. पाहुण्याची फोनवरची तक्रार समजून घेऊन उत्तर द्यायला बी-१ हवेच. ए-२ च्या मुलाला रिसेप्शनवर उभे केले, तर पहिल्याच आठवड्यात त्याची रवानगी नाश्त्याच्या बशा उचलायला होते.

व्हिसाबाबतचा आपला सल्ला तर घातक आहे. ‘शॉर्ट-स्टे शेंगेनवर जा, तिथे वाढवून घेऊ’ असे आपल्या २७ फेब्रुवारीच्या ईमेलमध्ये आहे. कार्यक्रम १५२ दिवसांचा आणि शेंगेनची, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामायिक अल्पकालीन व्हिसाची, मर्यादा १८० दिवसांत ९० दिवस. मुदतवाढ आजारपण, आपत्ती अशा अपवादात्मक कारणांसाठीच मिळते. आधीच ठरलेली इंटर्नशिप हे तसले कारण नव्हे. इथे दीर्घ मुदतीचा ‘स्ताजिएर’ (इंटर्नशिप करणाऱ्याचा) व्हिसा हवा. त्यासाठी करार हॉटेलने स्वतः, स्ताज सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी, फ्रेंच प्रशासनाकडे ऑनलाइन मंजुरीला पाठवावा लागतो. १६ जूनसाठी ती तारीख १६ एप्रिल. हातात पाच आठवडे आहेत आणि कराराचा मसुदासुद्धा तयार नाही.

आता कामाबद्दल. हॉटेलच्या पत्रात ‘जुलै-ऑगस्टच्या हंगामात रजेवरील कर्मचाऱ्यांच्या जागी रिसेप्शन’ असे चक्क लिहिले आहे. गैरहजर कर्मचाऱ्याची जागा भरणे आणि हंगामी गर्दी निभावणे, या दोन्ही कामांसाठी स्ताजिएर घ्यायला फ्रेंच कायद्यात बंदी आहे. हे वाक्य करारात उतरवून मंजुरीला पाठवणे म्हणजे नकार मागून घेणे.

भत्त्याच्या रकान्यात आपण ‘हॉटेलच्या इच्छेनुसार’ लिहिले आहे. एका शैक्षणिक वर्षात एकाच ठिकाणचा स्ताज ३०८ तासांच्या पुढे गेला की भत्ता बंधनकारक होतो, तोही पहिल्या तासापासून. २०२५ चा किमान दर तासाला ४.३५ युरो आहे. आठवड्याला ३५ तासांप्रमाणे सोळा आठवड्यांचे ५६०. १४ जुलै आणि १५ ऑगस्टचे १४ वजा जाता ५४६. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे २,३७५ युरो. यावर ‘आठ-आठ आठवड्यांची दोन पत्रे करू’ हा आपला तोडगा आला. २७३ तासांची दोन पत्रे केली, तरी हॉटेल तेच आणि वर्षही तेच असल्याने तास एकत्रच मोजले जातात. हे आपल्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. अन्यथा आकडा ३०८ च्या इतका सोयीस्कर खाली आला नसता.

आमची मागणी अशी. इंटर्नशिप विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे करारावर तिसरा पक्ष म्हणून आमचे महाविद्यालय सही करेल. कामाचे स्वरूप बदललेला, भत्त्याचा दर आणि ट्यूटरचे नाव असलेला मसुदा २१ मार्चपर्यंत आमच्याकडे यावा आणि हॉटेलने तो १६ एप्रिलपूर्वी मंजुरीला पाठवावा. माँपेलिएचे सहा आठवड्यांचे वर्ग रद्द करून त्यांचे शुल्क परत करावे. जूनपर्यंतचे तास आम्ही पुण्यातच घेऊ. निवास आता १५ जूनपासून धरावा. विमानतळावरून नेण्याची सोय वगैरे किरकोळ बाबी नंतर बोलता येतील.

२१ मार्चपर्यंत मसुदा आला नाही, तर चौघांचे मिळून १५,४०,००० रुपये ५ एप्रिलपर्यंत परत करावेत. तेही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर विद्यार्थी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील. आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी तक्रारदार राहतो तिथे ही तक्रार दाखल करता येते.

उत्तर लेखी द्यावे, फोन नको.

आपले,
फ्रेंच विभागातील शिक्षक,
चार विद्यार्थ्यांच्या वतीने

सोबत: पैसे भरल्याच्या पावत्या, माहितीपत्रक, हॉटेलचे पत्र, २७ फेब्रुवारीचा ईमेल